शेवटचा फर्मा

आमच्या घरात दोन पातेली अशी होती, की त्यांच्यातला फरक ज्याला कळला नाही त्याचं काही खरं नव्हतं. एकात आई कुरडयांचा चीक शिजवायची आणि दुसऱ्यात अण्णांची खळ. दोन्ही पांढरट, दोन्ही रटरटणारी, दोन्हींची वाफ सारखीच. फरक इतकाच, की बांधलेल्या पुस्तकाला कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद असायचं, म्हणजे चक्क विष. एकदा माझा मामा सिन्नरहून उन्हातून आला, भुकेलेला, आणि त्याने खळीचं पातेलं पुढ्यात ओढून वर दूध-साखर घातली. आईने त्याच्या हातातला चमचा असा उडवला, की तो थेट मोरीत. पुढे वीस वर्षं मामा हा प्रसंग ‘सख्ख्या बहिणीने केलेला विषप्रयोग’ या नावाने सांगत असे, आणि प्रत्येक वेळी त्याने खाल्लेले चमचे एकेकाने वाढत जात. खरं तर एकही चमचा त्याच्या तोंडात गेला नव्हता. गोष्ट रंगवून सांगायचं माझं खूळ कुठून आलं असं लोक विचारतात, तेव्हा मी मामाकडे बोट दाखवते. तो आता नाही, त्यामुळे तक्रारही करत नाही.

अण्णा बुकबाइंडर होते. नाशिक रोडला, स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर आमच्या दोन खोल्या होत्या. आतली स्वयंपाकाची आणि बाहेरची अण्णांची. बाहेरच्या खोलीत पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, पुठ्ठ्यांची थप्पी, दोऱ्याची रिळं, दाभणं आणि या सगळ्याच्या मधोमध मांडी घालून बसलेले अण्णा. नोटांच्या प्रेसचा भोंगा झाला, की आई म्हणायची, “उठा आता, जेवून घ्या,” आणि अण्णा म्हणायचे, “एवढा फर्मा शिवतो.” फर्मा म्हणजे छापलेला मोठा कागद घडी घालून झालेली सोळा पानं. असे फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. मला बाराखडी येण्याआधी फर्मा कळत होता. जग सोळा-सोळा पानांनी पुढे सरकतं, अशीच माझी समजूत होती.

मी नववीत होते तेव्हा आमच्या शाळेचं वाचनालय म्हणजे शिक्षकांच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट, आणि कपाटाची किल्ली जानव्यासारखी आहेर सरांच्या गळ्यात. सर मराठी शिकवायचे. मूळचे सटाण्याकडचे, बोलायचे शुद्ध, पण चिडले की त्यांची अहिराणी बाहेर यायची. “काय शे हे?” असं ऐकू आलं की वर्ग गप्प. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचायला ते नववीच्या प्रत्येकाला एक पुस्तक द्यायचे. मागून घ्यायचं नाही, बदलून मिळायचं नाही. कुणाला कुठलं द्यायचं ते सर ठरवणार. एक मेला निकाल हातात पडला की दुसऱ्या हातात पुस्तक. आणि दरवर्षी जूनमध्ये ती पुस्तकं जशीच्या तशी परत यायची, मधल्या पानांना हवासुद्धा न लागलेली.

त्या वर्षी परीक्षा संपल्यावर सर स्कूटरवर पुस्तकांची दोन पोती बांधून आमच्या दारात आले. पुस्तकं कपाटात पडून-पडून खिळखिळी झालेली, शिवण सुटलेली. सर म्हणाले, “अण्णा, सगळी नव्याने बांधा. फक्त शेवटचा फर्मा बाहेर ठेवा.”

अण्णांना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. “बाहेर म्हणजे?”

“म्हणजे पुस्तकात घालायचाच नाही. वेगळा शिवा, वर नंबर टाका. जूनमध्ये पोरांनी माझ्यापुढे येऊन सांगायचं, इथवर काय झालं आणि पुढे काय व्हावंसं वाटतं. मग शेवट हातात देणार. बघू आता कोण वाचत नाही ते.”

अण्णांचा चेहरा असा झाला, की जणू सरांनी त्यांना कुणाचा हात कापून आणायला सांगितलं होतं. “सर, तीस वर्षांत माझ्या हातून एक पान गळालं नाही. हे म्हणजे पाहुण्याला ताट वाढायचं आणि शेवटचा घास काढून घ्यायचा.”

“घास मी देणारच आहे की. भूक कुणाला आहे ते तरी कळू द्या.”

आईने आतून चहा आणला आणि म्हणाली, “सर, आमच्याकडे भूक कुणाला आहे ते विचारून कळतं.” सर हसले. पण ऐकलं नाही.

मग आठ-दहा दिवस सर रोज दुपारी यायचे, अण्णांच्या खोलीत सतरंजीवर बसायचे, एका बाजूला पुस्तकं, दुसऱ्या बाजूला अठ्ठावन्न नावांचा कागद. पुस्तक निवडणं हे काम असतं हे मी तिथे पाहिलं. एकेका नावापाशी ते थांबायचे, पुस्तक उचलायचे, परत ठेवायचे. “वैशाली, तो जाधव घरी काय करतो गं?” मी सांगायचे, बापाच्या पानटपरीवर बसतो. “आणि ती पगारे?” आजीला दवाखान्यात नेते. मला वर्गातल्या सगळ्यांच्या सगळ्या बातम्या असायच्या, आणि नसल्या तर मी तयार करायचे. सर माझ्याकडे चष्म्यावरून बघायचे आणि निम्मं सोडून द्यायचे. काय सोडायचं ते त्यांना बरोबर कळायचं.

सुनंदा गांगुर्डेच्या नावापाशी ते जास्तच थांबले. सुनंदा चेहेडीहून सायकलवर यायची. तिच्या घरी फुलांचा आणि वांग्यांचा मळा. वर्षभरात ती वर्गात दहा वाक्यं बोलली असेल. “हिचा भाऊ?” सरांनी विचारलं. या वेळी मी काही तयार केलं नाही, कारण खरी बातमीच पुरेशी होती. दत्तू, तिचा मोठा भाऊ, द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावला पॅकिंगच्या कामाला गेला होता. तिथून एका टेम्पोवर बसून जो गेला, त्याला दोन वर्षं झाली. पत्र नाही, निरोप नाही. “तिची आई रोज त्याचंपण ताट वाढते,” मी म्हणाले. “सगळ्यांचं जेवण होईपर्यंत ते तसंच असतं. मग ते गाईला.”

सरांनी हातातलं पुस्तक परत ढिगात ठेवलं. मग ढिगातून एक पातळशी कादंबरी काढून त्यांनी सुनंदाच्या नावासमोर नंबर लिहिला.

मला काय दिलं? मधमाश्या पाळण्याची माहिती. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाले, “तुला गोष्टी पुष्कळ झाल्या. जरा खरं काही वाच.” आज मी स्वतः एका शाळेत हेच काम करते, दर एप्रिलमध्ये मुलांची नावं घेऊन बसते, आणि पालक म्हणतात, मॅडम, स्पर्धा परीक्षेचं काहीतरी द्या. मी हसून मान डोलावते आणि मला हवं तेच देते. पण मधमाश्यांचं पुस्तक मी अजून कुणाला दिलेलं नाही. तेवढी निष्ठुर मी झाले नाही.

निकालाच्या दिवशी सरांनी वर्गात जाहीर केलं, “सगळे शेवट माझ्या कपाटात, कुलपात आहेत.” माझ्या पोटात हसू मावेना. कारण शेवट कपाटात नव्हतेच. पुठ्ठे घालायचे राहिले म्हणून ते आमच्या घरी, पिठाच्या डब्याच्या वरच्या फळीवर, सुतळीने बांधून ठेवलेले होते. आणि मी ते सगळे वाचले होते. वर्गातल्या सगळ्या पुस्तकांचे शेवट, सुरुवातीशिवाय! माणसं मरत होती, लग्नं लागत होती, कुणी बोटीवर चढत होतं, कुणी कुणाला क्षमा करत होतं, आणि कोण कुणाचं कोण याचा मला पत्ता नव्हता. इतकं सुख मला वाचनाने पुन्हा कधी दिलं नाही.

साहजिकच मी दुकान उघडलं. आमच्या चाळीच्या गच्चीवर बायकांची वाळवणं चालायची. पापडाच्या लाट्या, ओल्या कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या. तिथे कावळे हाकायला बसलेल्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींना मी शेवट सांगायचे. भाव ठरलेला: एका शेवटाला दोन लाट्या. मृत्यू असेल तर तीन. पण लवकरच लक्षात आलं, की कितीतरी शेवट अगदी नीरस होते. गिऱ्हाईक नाराज होऊन चालणार नव्हतं. म्हणून मी त्यांत भर घालायला लागले. पानटपरीवाल्या जाधवच्या पुस्तकात शेवटी नुसता पाऊस पडत होता. मी त्यात दरोडेखोर घातले. तो इतका खूश झाला, की त्याने पुस्तक सुरुवातीपासून पुन्हा वाचायला घेतलं, दरोडेखोर कुठून आले ते शोधायला.

एके दिवशी दुपारी सुनंदा सायकलवरून आली. कॅरिअरला पिशवी, पिशवीत द्राक्षं, हंगामाची शेवटची, पिवळी पडलेली आणि मधासारखी गोड. ती म्हणाली, “आईनं दिलीत. मी रोज तिला पुस्तक वाचून दाखवते. आता पानं संपली. ती म्हणती, इचार जाऊन, पुढं काय होतं.”

पुस्तकात एका आईचा मुलगा घर सोडून जातो आणि ती वाट बघत राहते, एवढं मला सरांच्या तोंडून कळलं होतं. शेवट मी वाचलेला होता. त्यात मुलगा येत नाही. पहाटेच्या थंडीत एक धनगर दारापुढून जात असतो. आई त्याला हाक मारते, मुलाची घोंगडी घडी उलगडून त्याच्या खांद्यावर टाकते आणि आत जाऊन चूल पेटवते. बस. एवढंच. मला तो शेवट अगदी पाणचट वाटला होता. आणि समोर सुनंदा उभी, द्राक्षांची पिशवी दोन्ही हातांत धरून.

“येतो,” मी म्हणाले. “येतो तो!” मग मला थांबवणं कुणाला शक्य होतं? मी गच्चीवर येरझारा घालत त्याला आणला. रेल्वेने आणला, कारण गाडीची शिट्टी तेव्हाच वाजली. दुपारच्या गाडीने. खांद्यावर वळकटी, दाढी वाढलेली. आई फलाटावर उभी, हातात भाकरीचं फडकं. तो पाया पडतो, ती म्हणते, आधी जेव. मी आईचा आवाज काढला, मुलाचा काढला, हमालाचासुद्धा काढला. सुनंदाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, काय रंगलं आपलं काम! मी द्राक्षं घेतली. सगळी घेतली.

चार-पाच दिवसांनी, सुट्टीत आमच्याकडे आलेली माझी मावशी भुसावळला परत निघाली, म्हणून कुरडयांचा डबा घेऊन मी तिला गाडीत बसवायला स्टेशनवर गेले. गाडी गेल्यावर परत फिरले, तर फलाटावरच्या नळाजवळ सुनंदा दिसली. शेजारी बाकावर एक बाई, हिरवं नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. सुनंदा धावत आली. “आई, ही वैशाली. हिनंच सांगितलं.”

बाईने मला जवळ ओढून माझ्या गालांवरून हात फिरवले. शेतात राबणारे हात, खरखरीत. “चार दिस झालं येतोय आम्ही,” ती म्हणाली. “ह्यांना सांगितलं नाय. ते म्हणतील, येडी झालीस. पण मी म्हणते, सरांनी एवढ्या पोरांत हेच पुस्तक आमच्या सुनीला दिलं. उगाच दिलं का? त्यांना कुठून तरी कळलं आसंल. आन शेवट कुलपात घालून ठेवलाय म्हंजी त्यात काय तरी हायच ना?” मग तिने आवाज खाली आणला. “पर पोरी, दुपारचीच ना गं गाडी? का सांजची? माझ्या ध्येनात नाय ऱ्हायलं.”

फलाटावर ऊन इतकं, की रुळांकडे बघवत नव्हतं. मी खरं बोलू शकले असते. तेवढंच तर करायचं होतं. माझ्या तोंडून आलं, “दुपारचीच, मावशी.”

आयुष्यात मी हजार थापा मारल्या असतील आणि त्यांतल्या बहुतेकींचा मला अभिमान आहे. पण हे दोन शब्द मला अजून कधीही ऐकू येतात. भांडी घासताना, वर्गात हजेरी घेताना. दुपारचीच, मावशी.

घरी येऊन मी जेवले नाही. आईने कपाळाला हात लावून पाहिला. “ऊन लागलंय का गं?” दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा शिवायला बसले तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. आवाज न काढता, येरझारा न घालता. अण्णांचा हात थांबला. सुई कागदात अर्धी. मला वाटलं, मारतील. त्यांनी मला कधीच मारलं नव्हतं, आणि त्या क्षणी मारलं असतं तर फार बरं झालं असतं. ते उठले, फळीवरचा गठ्ठा काढला, नंबर बघून एक फर्मा बाजूला केला, सुई-दोरा आणि दाभण पिशवीत घातलं. “चल,” म्हणाले. “आधी सरांकडे.”

सर बनियनवर, पोहे खात होते. मी पुन्हा सगळं सांगितलं. ‘काय शे हे’ची वाट बघत उभी राहिले. ते आलं नाही. सरांनी बशी खाली ठेवली. “मी ते पुस्तक तिच्या आईसाठी निवडलं होतं,” ते अण्णांना म्हणाले, माझ्याकडे न बघता. “तुमचा मुलगा बहुतेक येणार नाही, हे माझ्या तोंडून निघालं नसतं. म्हटलं, त्या शेवटाने ते हळूच सांगावं. द्यायचा होता तो शेवटच, अण्णा. आणि नियम सगळ्यांना सारखा, म्हणून नेमका तोच मी काढून घेतला.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “जागा रिकामी मी ठेवली. तू भरलीस. अर्धी चूक तुझी. चल, बारा वाजायच्या आत पोचलं पाहिजे, नाहीतर ती निघेल.”

चेहेडीला पोचलो तेव्हा मळ्यात पाटाचं पाणी चाललं होतं आणि ओट्यावर झेंडूची रास पडली होती. सुनंदाची आई निघायच्या तयारीत होती. फडकं बांधून झालेलं. दारात सरांना पाहून तिने पदर सावरला आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कसं सांगू? तिला वाटलं, सर बातमी घेऊन आले.

सर बोलायला लागले, पण वाक्य पुरं झालं नाही. मग मीच म्हणाले, “मावशी, मी सांगितला तो शेवट पुस्तकात नाही. मी बनवला होता.”

ती माझ्याकडे बघत राहिली. सुनंदाही. मग सुनंदाच्या आईने खाली बसून विचारलं, “मंग पुस्तकात काय हाय?”

अण्णांनी सुनंदाकडून पुस्तक मागून घेतलं. ओट्यावर, झेंडूच्या राशीशेजारी मांडी घातली, पुठ्ठ्याची कड हलकेच सोडवली आणि तो शेवटचा फर्मा जागेवर बसवून शिवला. घाई केली नाही. एकेक टाका, दोरा ओढून, गाठ मारून. आम्ही सगळे त्यांच्या हातांकडे बघत होतो. शिवून झाल्यावर त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. “वाच. जसं आहे तसं.”

मी वाचलं. सोळा पानं. आईचा आवाज काढला नाही, धनगराचा काढला नाही. मला त्या दिवशी कळलं, की त्या शेवटात पाणचट काही नव्हतं. मला वाचता येत नव्हतं. घोंगडीपाशी आले तेव्हा मी थांबले, आणि सुनंदाची आई म्हणाली, “वाच की.” तिचे डोळे कोरडे होते. चूल पेटली, पुस्तक संपलं.

मी पुस्तक मिटून सुनंदाच्या आईच्या हातात दिलं. मग तिने विचारलं, “ती बाई... मंग तिनं वाट बघायची सोडली का?”

सर म्हणाले, “तसं लिहिलेलं नाही.”

“नाय लिवलं ते बरं केलं,” ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे बघून, “तुझाबी चांगला व्हता गं. पर तो तुझ्यापाशी ठेव.”

ती उठून घरात गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. सुनंदा दारात उभी होती, ती एकदम म्हणाली, “आई, ते नको...” सुनंदाच्या आईने स्टेशनवर न्यायचं फडकं सोडलं, त्यातली भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा एका ताटात वाढला आणि ते ताट माझ्यापुढे ठेवलं. “जेव. कालपासून काय खाल्लेलं दिसत नाय.”

मी आधी सरांकडे पाहिलं, मग अण्णांकडे. अण्णांनी मानेने सांगितलं, जेव. मी घास घेतला. भरीत बाजूला सरकलं तसं ताटाच्या मधोमध काहीतरी दिसायला लागलं, बारीक टिंबाटिंबांनी कोरलेलं. आधी ‘मामाकडून’ दिसलं. मग ‘बारशानिमित्त’. मला पुढे खाववेना, आणि ती समोर बसून बघत होती, म्हणून थांबताही येईना. घासागणिक एकेक अक्षर वर येत गेलं. ‘चि.’ आलं, मग ‘दत्ता’, मग शेवटच्या घासाखाली राहिलेलं ‘त्रय’.

“पुसून घे,” ती म्हणाली. “काय ठेवू नको.”